वाद्याची जात : रामनारायण यांच्या सारंगीची वाटचाल

१

काही वर्षांपूर्वी मी नोकरीला असलेल्या एका महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाचा कार्यक्रम झाला. सतारवादक पाहुणे होते. व्यासपीठावर पांढरी चादर, समई, हार, शाल, सारे यथासांग होते. पाहुण्यांच्या स्वागताला फाटकापाशी शेजारच्या गावातून हलगी, घुमकं आणि कैताळ असा तिघांचा ताफा बोलावला होता. पाहुणे आत गेले आणि ताफ्याला ‘आता बंद करा’ असे सांगण्यात आले. ते तिघे लिंबाखाली बसले. जेवण शेवटच्या पंगतीला मिळाले. दुसऱ्या दिवशी हिशेब माझ्यापुढे आला. सतारवादकाच्या रकमेपुढे ‘मानधन’ असे लिहिले होते आणि ताफ्याची रक्कम ‘किरकोळ खर्च’ या सदरात, गुलाल आणि सुतळी यांच्या खाली घातली होती. त्या तिघांची नावे कागदावर नव्हती. समितीचा सभासद म्हणून मी त्या कागदावर सही केली.

माझे वडील हलगी वाजवत. ही गोष्ट त्या महाविद्यालयात कोणालाही ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक होऊ नये याची मी काळजी घेत होतो.

त्या सहीनंतर एक प्रश्न माझ्या मागे लागला. एक वाद्य व्यासपीठावर आणि दुसरे फाटकाबाहेर, हे कोण ठरवते? वाद्याचा नाद ठरवतो, की ते ज्याच्या हातात आहे तो हात? अभिजात संगीत म्हटले की आपल्या पुष्कळ कार्यकर्त्यांना तो वरच्या लोकांचा प्रांत वाटतो आणि ते तिकडे पाठ फिरवतात. मीही फिरवली होती. पण या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला कळले की अभिजात संगीताच्या त्या चादरीवरही एक वाद्य असे होते, की जे शतकभर मागे बसवले गेले, ज्याचे नाव घ्यायला माणसे लाजली आणि ज्याच्या वादकाच्या पोराने ते वाद्य सोडण्यातच आपली उन्नती मानली. ते वाद्य म्हणजे सारंगी. आणि ते पुढे आणून बसवण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले ते पंडित रामनारायण. १९२७ साली उदयपूरजवळ जन्मलेला हा वादक २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबईत वारला. त्यांच्या वाटचालीत आपल्या कामाचे पुष्कळ काही आहे, म्हणून हा लेख.

२

आधी वाद्य समजून घेतले पाहिजे. सारंगी हे सुमारे दोन फूट उंचीचे, एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून कोरून काढलेले वाद्य आहे. तिचे पोट बकऱ्याच्या कातड्याने मढवतात. मुख्य तारा तीन, आणि त्या तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या. त्यांच्याखाली पस्तीसच्या आसपास धातूच्या तरफा असतात. त्या वाजवायच्या नसतात, मुख्य तारेच्या स्वराने आपोआप झंकारतात. उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज. डाव्या हाताची बोटे तार पट्टीवर दाबत नाहीत. नखाच्या मुळाशी जी कातडी असते ती तारेला बाजूने भिडवून घसरवत न्यायची असते. सतारीला पडदे असतात, ते बोटाला जागा दाखवतात. सारंगीला पडदा नाही, खूण नाही. प्रत्येक स्वर कानाने हुडकायचा. बोटे सोलवटतात, नखांवर चऱ्या पडतात, घट्टे येतात. या कष्टातून जे निघते ते माणसाच्या गळ्याच्या इतके जवळ जाते, की मींड, गमक, तान हे सारे ती गायकाच्या बरोबरीने करते.

म्हणजे गुणांत काही उणे नव्हते. मग ती मागे का बसली?

कारण ती ज्या हातांत होती ते हात आणि ज्या माडीवर वाजत होती ती माडी. उत्तरेत सारंगीचे वादक मुख्यतः मिरासी, ढाढी अशा पिढीजात वाजवणाऱ्या मुसलमान जातींतले. त्यांचे पोट भरत असे ते नाचगाणे करणाऱ्या तवायफांच्या मैफलीवर. या बायकांचे ते केवळ साथीदार नव्हते. पुष्कळदा शिक्षकही तेच होते. आज एका गायिकेची, उद्या दुसऱ्या गायकाची साथ करायची म्हणजे सगळ्यांच्या बंदिशी पोटात असाव्या लागतात. एवढे ज्ञान असूनही गायक तो उस्ताद आणि हा नुसता ‘सारंगिया’. लग्नसंबंधात, पंगतीत, नावापुढे लावायच्या बिरुदात हा भेद पाळला जाई. अमेरिकन अभ्यासक डॅनियल न्यूमन यांनी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकल कलावंत आणि साथीदार यांच्यातली ही उतरंड तपशिलाने मांडली आहे. बाबासाहेबांनी १९३६ सालीच जातिनिर्मूलनावरील आपल्या निबंधात दाखवले होते की जात ही नुसती कामाची वाटणी नसून काम करणाऱ्या माणसांची वरखाली लावलेली वाटणी आहे. सारंगी हे त्याचे नादमय उदाहरण म्हणावे लागेल.

१८९० नंतर नाचविरोधी चळवळ जोरात आली. इंग्रजी शिकलेल्या वर्गाला आपले संगीत हवे होते, पण ते जपणाऱ्या बायका नको होत्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, भातखंड्यांनी १९१६ पासून संगीत परिषदा भरवल्या. या दोन मराठी माणसांमुळे गाणे घरंदाज दिवाणखान्यात आले आणि फी भरील त्याला शिकता येऊ लागले, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण दिवाणखान्यात येताना गाण्याने अंग धुऊन घेतले आणि त्या पाण्याबरोबर सारंगीवाल्याला बाहेर टाकले. १९४६ साली वल्लभभाई पटेल यांच्याकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खासगी जीवन बदनाम मानले जाई अशा गायिकांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. माडीही गेली आणि माईकही गेला. सारंगीच्या जागी पेटी बसली. पेटी शिकायला सोपी, सुरात लावावी लागत नाही, आणि मुख्य म्हणजे तिला कोणताही पूर्वेतिहास नाही.

आपल्याकडची गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा होते. महाराष्ट्राने डोक्यावर घेतलेल्या त्या पदांच्या पाठीशी एक सारंगी होती. बालगंधर्व घरोघर झाले, कादरबक्ष जाणकारांपुरते राहिले. मिरजेला ज्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी संगीत सभा भरते ते अब्दुल करीम खाँ मूळचे सारंगीच्या घराण्यातले, लहानपणी सारंगी वाजवणारे. ते १९३७ साली वारले ते थोर गायक म्हणून. इंदूरच्या अमीर खाँचे वडील सारंगीवादक. बडे गुलाम अली खाँनीही तरुणपणी सारंगीची साथ केलेली. वर चढायचे तर सारंगी खाली ठेवायची, हा रिवाज झाला. आपल्यातला एखादा शिकलेला माणूस आडनाव बदलतो, वस्तीवर जायचे टाळतो, त्यातलाच हा प्रकार. मी त्यांना दोष देत नाही. तो अधिकार मला नाही.

३

रामनारायण यांनी सारंगी खाली ठेवली नाही. येथे त्यांची गोष्ट वेगळी होते.

त्यांचे पूर्वज उदयपूरच्या दरबारात गात. वडील नथूजी शेती करीत, गात आणि दिलरुबा वाजवत. घराण्याची वंशावळ राखणारा कोणी एक घरी आला होता, तो मागे एक लहान सारंगी सोडून गेला. ती पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती लागली. वडील आधी कचरले. वाद्य अवघड, आणि बदनाम. पण पोराचा ओढा पाहून त्यांनी स्वतःच बोटे ठेवायची रीत बसवून दिली. पुढे एका नामांकित सारंगीवादकाकडे शिकायला घालायचे ठरले, तेव्हा ती रीत बदलावी लागेल असे त्याने सांगितले. वडिलांनी पोराला तेथे घातले नाही, रीत तीच ठेवली. मुलाने शाळा सोडली. उदयलाल यांच्याकडे ध्रुपदाचे धडे घेतले, मग मैहरच्या माधवप्रसाद यांच्याकडे ख्याल शिकला.

१९४४ साली हा सतरा वर्षांच्या आतला मुलगा लाहोर आकाशवाणीवर गेला तो गायक म्हणून चाचणी द्यायला. तेथील अधिकारी जीवनलाल मट्टू यांचे लक्ष त्याच्या नखांवरच्या चऱ्यांकडे गेले. त्यांनी ओळखले, आणि त्याला सारंगीवादक म्हणून नोकरीला घेतले. हा प्रसंग वाचून मी थबकलो. माझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या बोटांवरही टिपऱ्याचा घट्टा आहे. शिकलेल्या माणसाने तो घट्टा ओळखणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः कितीदा तरी त्यावरून नजर काढून घेतलेली आहे. लाहोरात त्याच घट्ट्याने एका मुलाला नोकरी मिळाली.

लाहोरात त्यांना किराना घराण्याच्या अब्दुल वाहिद खाँचे शिक्षण मिळाले. १९४७ साली फाळणी झाली, ते दिल्लीला आले आणि दिल्ली आकाशवाणीवर साथीला लागले. बडे गुलाम अली खाँ, हिराबाई बडोदेकर अशा थोरांच्या मागे ते बसले.

‘साथ’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्याचा अर्थ नीट पाहा. गायकाने एक स्वरवाक्य म्हणायचे, सारंगीने ते क्षणभर मागून उचलायचे. गायक थांबला तर पोकळी भरायची. गायक चुकला तर झाकायचे. गायकाला सुचले नाही ते याला सुचले तर गिळायचे. पुढे जायचे नाही. रामनारायण यांना हे गिळवेना. हा पोरगा आमच्याहून पुढे धावतो, अशा तक्रारी गायकांकडून होऊ लागल्या. गावगाड्यात ‘पायरीने राहा’ असे जे आपल्याला सांगितले जाते, त्याचीच ही सुरातली आवृत्ती.

४

१९४९ साली ते मुंबईला आले. या मुंबईच्या काळाकडे संगीताचे लेखक घाईने पाहतात. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुंबईत ते चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात वाजवू लागले. ओ. पी. नय्यर आणि इतर संगीतकारांनी त्यांची सारंगी भरपूर वापरली. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०), ‘गंगा जमुना’ (१९६१) अशा चित्रपटांतून ती देशभर ऐकली गेली, ऐकणाऱ्यांना नाव माहीत नसले तरी. अभिजनांच्या दृष्टीने हे खालचे काम. पण त्याचा पैसा रोख होता, तो कोणा गायकाच्या मर्जीवर नव्हता. नकार द्यायचा तर घरात दाणे असावे लागतात. महाडनंतर गावकीची कामे नाकारणाऱ्या आपल्या बापजाद्यांना हे कोणी शिकवायला नको होते. ज्यांच्यापाशी गिरणीची, रेल्वेची, लष्कराची नोकरी होती त्यांना ठाम राहणे जमले, ज्यांची चूल बलुत्यावर होती त्यांची बहिष्काराने कोंडी झाली. रामनारायण यांच्या बंडाला स्टुडिओच्या मजुरीचा टेकू होता.

१९५४ साली मुंबईच्या कावसजी जहांगीर सभागृहात त्यांनी एकट्याने सारंगी वाजवायला घेतली. लोक पुढच्या नामवंतांची वाट पाहत होते. साथीचे वाद्य एकटे समोर येऊन बसले आहे हे त्यांना रुचले नाही. आरडाओरड झाली आणि वादन अर्धवट सोडून त्यांना उठावे लागले. वाद्य तेच, बोटे तीच. मागे बसून वाजवली असती तर त्याच लोकांनी मान डोलावली असती. आक्षेप नादाला नव्हता, जागेला होता.

मन मोडण्यासारखाच हा अनुभव होता. त्यांनी पुन्हा लहान बैठकींतून वाजवायला सुरुवात केली. १९५६ साली मुंबईतल्या संगीत संमेलनात त्यांचे एकल वादन झाले आणि ते लोकांनी मानले. यानंतर त्यांनी साथ करणे सोडले ते कायमचे. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सारंगी एकट्याने वाजवणारे ते पहिले नव्हेत. दिल्लीचे बुंदू खाँ, जे फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९५५ साली वारले, ते एकल वाजवत असत. पण ‘मी कोणाच्याही मागे बसणार नाही’ हा नियम करून, केवळ एकल वादनावर सारे आयुष्य उभे करणे हे रामनारायण यांनी केले. त्यासाठी नुसता निश्चय पुरत नाही. तासभर एकट्याने सभा धरायची तर मांडणी लागते. त्यांनी ध्रुपदाच्या अंगाचा सावकाश आलाप आणि जोड सारंगीवर आणला आणि लांब, भरदार गज कमावला. मागे राहून उत्तर देण्याची सवय लागलेल्या वाद्याला त्यांनी आपण होऊन बोलायला शिकवले.

पुढचे सारे वेगाने सांगता येईल. १९६४ साली थोरले बंधू, तबलावादक चतुरलाल यांच्यासह ते अमेरिका आणि युरोपात वाजवून आले. परदेशातल्या श्रोत्याला सारंगीची जात ठाऊक नव्हती. त्याने फक्त ऐकले. तिकडून नाव झाले, मग इकडच्यांनाही ते दिसू लागले. आपल्या समाजाची ही जुनी खोड आहे. १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७६ साली पद्मश्री, १९९१ साली पद्मभूषण, २००५ साली पद्मविभूषण. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात त्यांनी शिकवले. कन्या अरुणा नारायण सारंगीवादक झाल्या. ज्या वाद्याच्या नावाने वडील कचरले होते ते मुलीने उघड हाती घेतले, यात एका पिढीचे अंतर तोडले गेले आहे.

५

मग प्रश्न सुटला काय? अर्धा सुटला. सारंगी वर आली. पण शतकभर ती वाहून नेणारे सारे हात तिच्याबरोबर वर आले नाहीत. ज्या घरांनी हे ज्ञान सांभाळले त्यांतल्या बहुतेकांची मुले दुसऱ्या धंद्याला लागली. एका माणसाच्या पराक्रमाने वाद्याची जात बदलू शकते. वाजवणाऱ्या जमातीची स्थिती त्याने बदलत नाही. त्यासाठी मजुरी, शाळा आणि संघटना लागते. एक जण कलेक्टर झाला म्हणून वस्तीला नळ येत नाही, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

आणि वाद्य बनवणारा तर अजून मोजदादीतही नाही. २०२० साली टी. एम. कृष्णा यांनी मृदंग बनवणाऱ्या, कातडे कमावणाऱ्या कारागिरांवर पुस्तक लिहिले. त्यांतले बरेच दलित ख्रिस्ती आहेत. चेन्नईच्या कलाक्षेत्राने प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐनवेळी नाकारली. कातड्यातून निघालेला नाद पवित्र आणि कातडे हाताळणारा माणूस अडचणीचा, हे कोडे अजून सुटलेले नाही.

आपल्या चळवळीत हलगीविषयी दोन मते आहेत. एक म्हणते, हे गुलामीचे चिन्ह आहे, फेकून द्या. ज्यांनी ते फेकले त्यांनी माणूसपणासाठी फेकले आणि त्याची किंमत मोजली, हे मी कधी विसरणार नाही. दुसरे म्हणते, ही आपली कला आहे, जपा. पण जपा म्हणणारे पुष्कळदा ती फाटकाबाहेरच जपू इच्छितात. रामनारायण यांच्या उदाहरणाने मला तिसरी गोष्ट दिसते. त्यांनी वाद्य सोडले नाही. त्यांनी जागा सोडली. मागची जागा नाकारली आणि वाद्य घेऊन पुढे बसले. हे दोन नकार वेगळे करायला आपण शिकले पाहिजे. आपण वाद्य नाकारतो आहोत, की ते वाजवताना लादलेली पायरी?

६

मी हा भेद केला नव्हता. नोकरी लागली त्या वर्षी मी आबांना म्हणालो, “आबा, आता वाजवायचं बंद करा. बरं दिसत न्हाई.” त्यांनी का म्हणून विचारले नाही. हलगी खुंटीला टांगली. तेव्हा मला वाटले मी त्यांची सुटका केली. आज वाटते की सुटका माझी झाली, ‘सरांचा बाप हलगी वाजवतो’ या वाक्यापासून. वाद्य गुलामीचे म्हणून नव्हे, माझ्या नोकरीला शोभत नाही म्हणून मी ते बंद पाडले. करीम खाँनी सारंगी ठेवली ती निदान स्वतःची होती. मी दुसऱ्याच्या हातातली काढून घेतली.

यंदा मी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली आहे. व्यासपीठावर, चादरीवर, ताशांशिवाय, बँडशिवाय, अर्धा तास फक्त हलगी. वाजवणाऱ्याचे पूर्ण नाव पत्रिकेवर, आणि रकमेपुढे ‘मानधन’. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत त्यांना माझे सांगणे एवढेच आहे की आपापल्या ठिकाणी हे दोन शब्द आणि ते नाव कागदावर आणा. विद्यार्थ्यांनी गावोगावच्या वादकांकडे जाऊन त्यांचे ठेके, त्यांची नावे, त्यांचे गुरू लिहून काढावेत. प्रबंध पुष्कळ झाले. ही यादी अजून झालेली नाही.

सुट्टीत घरी गेलो तेव्हा आबांना हे सांगितले. हलगीचे कातडे सैल पडले होते. त्यांनी ती खुंटीवरून काढली, अंगठा फिरवून पाहिला आणि विचारले,

“वरात कुणाची हाय?”

“कुणाचीच न्हाई आबा. तुम्ही एकटंच वाजवायचं. लोक बसून ऐकणार.”

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग परसात गेले आणि हलगी शेकायला त्यांनी काटक्यांचा जाळ केला.